घडीची सायकल, रो-रो, मेमू आणि तंबू : मांडवा ते रोहा दोन दिवसांत करावे का?

डोंबिवलीची वाटसरू

नमस्कार.

जानेवारीच्या अखेरीस एका शनिवार-रविवारी मी आणि माझा नववीतला भाचा असा दोघांचा प्रवास ठरवत आहोत. दोघांकडेही घडी होणाऱ्या, वीस इंची चाकांच्या सायकली आहेत. माझी साधारण तेरा किलोची आहे, भाच्याची थोडी जड आहे. गेली तीन वर्षे ही सायकल मी घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कार्यालय एवढ्यापुरतीच वापरली आहे. सुट्टीच्या दिवशी खाडीच्या बाजूने तीस-पस्तीस किलोमीटर चालवण्याची मला सवय आहे, आणि भाचा तर माझ्याहून जास्त चालवतो. मात्र तंबू आणि अंथरूण लादून दोन दिवस बाहेर राहण्याचा अनुभव आम्हा दोघांनाही नाही.

आखलेला मार्ग असा आहे. शनिवारी पहाटेच्या धीम्या लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरायचे, तेथून भाऊचा धक्का गाठायचा आणि रो-रोने, म्हणजे गाड्याही वाहून नेणाऱ्या बोटीने, मांडव्याला जायचे. पुढे अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा करत काशीदला पोचून रात्री समुद्राजवळ तंबू लावायचा. रविवारी साळावपर्यंत मागे येऊन कुंडलिका नदीच्या दक्षिण काठाने चणेऱ्यावरून रोहा गाठायचे आणि संध्याकाळच्या मेमू रेल्वेगाडीने दिव्याला यायचे. दिव्याहून डोंबिवली दोनच स्थानके आहे, त्यामुळे शेवटचा टप्पा अगदी सोयीचा पडतो. पनवेल-पेण-वडखळ या महामार्गावर मुलाला घेऊन सायकल चालवण्याची माझी मुळीच तयारी नाही, आणि गेलेल्याच वाटेने परत यायचेही मनात नाही. घडीच्या सायकलीने या दोन्ही गोष्टी साधतील असे वाटले म्हणून हा बेत धरला.

ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांना मला मुख्यतः सामानाबद्दल विचारायचे आहे: वीस इंची सायकलवर किती सामान घ्यावे आणि ते कुठे बांधावे? मुक्कामाबद्दलही शंका आहे, कारण काशीदच्या किनाऱ्यावर तंबू लावू देतात की नाही याविषयी प्रत्येक जण वेगळे सांगतो. आमच्याकडे लहान गॅसची शेगडी आहे. ती बरोबर घ्यावी का? आणि वाटेत सायकल बिघडली तर एसटीने पुढे जाता येते का, हेही कृपया सांगावे.

वीस इंची

ताई, मार्ग उत्तम निवडला आहे, आणि दिशाही योग्य आहे. हिवाळ्यात या पट्ट्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि तो मंद असतो. अकरा-बारानंतर समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी तो बहुधा वायव्येकडून येतो. तुम्ही पहिल्या दिवशी दक्षिणेला आणि दुसऱ्या दिवशी पूर्वेला जाणार असल्यामुळे दोन्ही दुपारी वारा पाठीशी किंवा बाजूने राहील. हाच प्रवास रोह्याकडून सुरू केला असता तर दोन्ही दुपारी तो तोंडावर आला असता, आणि लहान चाकांच्या सायकलवर तोंडावरचा वारा चढापेक्षा जास्त दमवतो.

सामानाबद्दल मी एकच कसोटी सांगतो, आणि बाकीचे सारे निर्णय त्यातूनच निघतात. घडी केलेली सायकल एका हातात आणि उरलेले सगळे सामान दुसऱ्या हातात किंवा पाठीवर घेऊन तुम्हाला डोंबिवली स्टेशनचा जिना न थांबता, एकाच फेरीत चढता आला पाहिजे. फलाटावर एक पिशवी ठेवून दुसरी आणायला मागे जावे लागत असेल, तर ते सामान जास्त आहे. साध्या सायकलने प्रवास करणारा माणूस सामान फक्त चाकांवर वाहतो. आपल्याला मात्र तेच सामान लोकल, धक्का, रो-रो, पूल आणि मेमू अशा पाच-सहा ठिकाणी अंगावर वाहावे लागते. म्हणून वजनाइतकेच नगांच्या संख्येलाही महत्त्व आहे. माणशी सायकल सोडून सात ते आठ किलो आणि एकच मोठी पिशवी हे प्रमाण मला अनेक प्रवासांनंतर योग्य वाटते.

ही पिशवी बांधण्याची जागा नीट ठरवावी लागते. आपल्या सायकलींचा मागचा भाग आखूड असतो. मोठ्या सायकलींसाठी केलेल्या जोडपिशव्या मागच्या कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकवल्या, तर पायडल मारताना टाच प्रत्येक फेऱ्याला पिशवीवर आपटते. माझ्या पहिल्या प्रवासात मी हीच चूक केली होती. अलिबागपर्यंत वीस किलोमीटर मी पाय तिरका ठेवून पायडल मारत राहिलो आणि दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा सुजला. त्यानंतर मी लांबट गोल पिशवी कॅरियरवर आडवी ठेवून दोन पट्ट्यांनी आवळतो. तंबूचे खांब आणि पाणी यांसारख्या जड वस्तू मात्र पुढे, हँडलखालच्या पिशवीत ठेवतो. सगळे वजन मागे गेले की चढावर पुढचे चाक हलके पडते आणि हँडल हातात थरथरू लागते. सगळे पुढे ठेवले तर वळणावर सायकल जड लागते. साधारण एक तृतीयांश पुढे आणि बाकीचे मागे ठेवून घराजवळ दहा किलोमीटर चालवून पाहा. तुमच्या सायकलीला किती एकूण भार चालतो हे तिच्या माहितीपत्रकात दिलेले असते, आणि त्यात चालवणाऱ्याचे वजनही धरलेले असते. भाच्याच्या बाबतीत हा आकडा नक्की तपासा.

प्रत्येक वेळी सायकल उलगडल्यावर मधल्या सांध्याचा आणि हँडलच्या दांड्याचा असे दोन्ही खटके बोटाने दाबून पाहण्याची सवय भाच्याला लावावी. रो-रोतून उतरताना मागून गाड्या सुरू झालेल्या असतात, सगळ्यांना घाई असते आणि नेमका तेव्हाच खटका अर्धवट बसतो. धक्क्यावरून थोडे बाजूला जाऊन, सायकल उभी करून, पुढचा ब्रेक दाबून ती मागे-पुढे हलवावी. सांध्यात कट्कन आवाज आला किंवा दांडा किंचित जरी डुलला, तर खटका उघडून पुन्हा बसवावा. यासाठी अर्धे मिनिट लागते, पण त्या मिनिटात कुणी घाई करू नये.

वीस इंची सायकलचा एक फायदा कमी लोकांच्या लक्षात येतो. तुमच्या टायरच्या कडेवर ४०६ हा आकडा लिहिलेला असेल, तर तीच ट्यूब लहान मुलांच्या वीस इंची सायकलला बसते आणि ती गावातल्या साध्या सायकल दुकानातही मिळते. आकडा ४५१ असेल तर तशी ट्यूब तिथे मिळणार नाही, आणि सोळा इंचीतल्या ३४९ मापाचेही तसेच आहे. तरीही माणशी एक ट्यूब, पंक्चरचे साहित्य आणि हातपंप जवळ असू द्या. चाक लहान असल्यामुळे खड्ड्याचा दणका मोठा बसतो, म्हणून हवा नेहमीपेक्षा कमी ठेवू नका आणि उतारावर वेग आवरा.

शेगडी घेऊ नका. गॅसची डबी, केरोसीन, पेट्रोल यांसारख्या ज्वालाग्राही वस्तू रेल्वेतून नेण्यास मनाई आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ मध्ये त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. तुमच्या प्रवासाची सुरुवात आणि शेवट दोन्ही रेल्वेत असल्यामुळे हा प्रश्न इथेच मिटतो. त्या भागात गावोगावी खानावळी आणि घरगुती जेवणाची सोय आहे, त्यामुळे भांडी, शेगडी आणि शिधा यांचे दोन-तीन किलो आपोआप वाचतात.

जानेवारीत किनाऱ्यालगत कडाक्याची थंडी नसते, म्हणून जाड स्लीपिंग बॅगचीही गरज नाही. खाली पातळ चटई, वर एक सोलापुरी चादर आणि पहाटेसाठी कानटोपी पुरते. दव मात्र भरपूर पडते. तंबूचे वरचे आवरण रात्री न लावता झोपलात तर पहाटे सगळे ओले झालेले आढळेल.

लोकलसाठी सायकलला पिशवी असावी. जुन्या चादरीची शिवून घेतलेलीही चालते. साखळीचे वंगण दुसऱ्याच्या कपड्याला लागू न देणे ही आपली जबाबदारी आहे, आणि झाकलेल्या सायकलला सहप्रवासी सहसा हरकत घेत नाहीत. मालडब्यातून जाणार असाल तर आधी खिडकीवर लगेजच्या तिकिटाची चौकशी करा. मुंबईत काही मेट्रो मार्गांवर आणि पुण्याच्या मेट्रोत आता सायकल नेता येते. लोकलमध्येही तशी राखीव जागा मिळावी ही आपल्यासारख्यांची मागणी योग्यच आहे. ती मिळेपर्यंत पहाटेची गाडी हाच सर्वांत चांगला उपाय आहे.

काशीदपर्यंत पहिल्याच दिवशी पोचण्याबद्दल सांगायचे तर मांडव्याहून ते अंतर पन्नासच्या थोडे पुढे भरते. सवयीच्या माणसाला ते जमते, मी स्वतः दोनदा केले आहे.

वाडीकर, चौल

ताई, मी याच वाटेवर राहतो, म्हणून मुक्कामाबद्दल सविस्तर लिहितो. वीस इंची यांनी लिहिलेले बाकी सगळे मला मान्य आहे, पण पहिल्याच दिवशी काशीद गाठण्याचा आग्रह धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

रेवदंड्याचा पूल ओलांडून साळाव, कोर्लई, बोर्ली करत जाताना काशीदच्या अलीकडे चढउताराचा रस्ता लागतो. तुम्ही तिथे पोचाल तेव्हा दुपार कलती असेल, अंगात थकवा असेल आणि शनिवारी नेमक्या त्याच वेळी मुंबई-पुण्याच्या गाड्या काशीदकडे धावत असतात. किनाऱ्यावरही त्या दिवशी शांतता नसते. काशीदचा समुद्र दिसायला सुरेख आहे, पण पोहण्यास धोक्याचा आहे आणि तिथे माणसे बुडाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. बरोबर शाळकरी मुलगा असताना तिन्हीसांजेला दमलेल्या अवस्थेत तिथे पोचण्यात काही लाभ नाही.

त्याऐवजी नागाव किंवा चौलला मुक्काम करा. मग मांडव्याहून सरळ हमरस्त्याने अलिबाग गाठण्याची घाई राहत नाही आणि सासवणे, आवास, किहीम असा किनाऱ्याजवळचा आतला रस्ता धरता येतो. सासवण्याला शिल्पकार करमरकर यांचे शिल्पसंग्रहालय त्यांच्याच घरात आहे. अंगणातल्या म्हशीच्या शिल्पाजवळ भाचा बराच वेळ उभा राहील याची मला खात्री वाटते. किहीमला सालीम अली यांनी १९३० च्या सुमारास सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला होता. किहीमहून चोंढीला हमरस्त्यावर यावे लागते आणि तेथून अलिबागपर्यंत वाहनांची वर्दळ असते, तेवढा दहा किलोमीटरचा पट्टा ओळीने, एकामागे एक चालवावा. अलिबागच्या पुढे आक्षीपासून पुन्हा वाड्यांचा रस्ता सुरू होतो. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी असल्यामुळे दुपारीसुद्धा सावली मिळते. असे सगळे मिळून चाळीसच्या आत-बाहेर किलोमीटर होतात आणि चार वाजेपर्यंत तुम्ही निवांत पोचता.

तंबूची जागा निवडताना किनाऱ्याच्या वाळूवर किंवा सुरूच्या बनात न लावता एखाद्या घराच्या अंगणात, विचारून लावावा. आमच्याकडे पर्यटकांना राहायला देणारी घरे पुष्कळ आहेत. खोली न घेता अंगणात तंबू लावायचा आणि न्हाणीघर वापरायचे, असे आधी फोनवर बोलून ठरवले तर बरेच जण मान्य करतात. वाळूवर रात्र काढायचीच असेल तर आधी ग्रामपंचायतीत विचारावे आणि पोलीस ठाण्याला कळवावे. सुरूच्या बनात खाली वाळलेल्या काड्यांचा जाड थर असतो, तिथे शेकोटी पेटवणे अत्यंत घातक आहे.

वाडीत तंबू लावताना तो नारळाच्या झाडाखाली कधीही लावू नये, ही गोष्ट मी हात जोडून सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या अंगणात चार मुले उतरली होती. त्यांनी संध्याकाळी सावली पाहून तंबू माडाखाली लावला. मी तो हलवायला लावला, तेव्हा ती थोडी नाराज झाली. पहाटे तीनच्या सुमारास धाडकन आवाज झाला म्हणून आम्ही सगळे बाहेर आलो. जिथे आधी तंबू होता तिथेच वाळलेली झावळी पडली होती. तिचा देठाकडचा भाग मनगटाएवढा जाड होता आणि पडताना त्याने शेणाने सारवलेल्या जमिनीत चार बोटे खोल खाच पाडली होती. वारा अजिबात नव्हता. झावळी किंवा नारळ पडायला वारा लागत नाही. वर पाहून, कुठल्याही माडाच्या घेरापासून दूर, मोकळ्या आकाशाखालीच तंबू लावावा, मग दव पडले तरी चालेल.

भरतीची वेळ काढण्याचा आमच्याकडचा जुना हिशोब भाच्याला शिकवा. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती आणि नऊ वाजता ओहोटी. हा स्थूल हिशोब आहे, पाऊण-एक तासाचा फरक पडू शकतो, पण वाळूत फिरायला कधी जावे हे ठरवायला तो पुरतो. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी वरपर्यंत चढते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा चढउतार कमी असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून रेवदंड्याचा पूल वर्दळ सुरू होण्याआधी ओलांडा, कारण तो अरुंद आहे. साळावला सामान एखाद्या हॉटेलवाल्याकडे ठेवून मोकळ्या सायकलने कोर्लईला जाऊन येता येते. डोंगराच्या धारेवर लांबट पसरलेला कोर्लईचा किल्ला पाहण्यासारखा आहे. खालच्या गावातल्या काही घरांतून पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही बोलली जाते. इतक्या थोड्या माणसांनी आपली बोली इतकी वर्षे जपावी याचे मला आमच्या शेजारात राहूनही फार अप्रूप वाटते.

जेवणाची चिंता नसावी. सकाळी फोन करून किती माणसे आहेत ते सांगितले की तांदळाची भाकरी, आमटी किंवा माशाचे कालवण, सोलकढी असे ताट मिळते. तुम्ही जानेवारीत येत आहात, म्हणजे पोपटीचे दिवस आहेत. मडक्याच्या तळाशी भांबुर्डा या रानवनस्पतीचा पाला घालायचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी रचायची आणि पुन्हा पाला कोंबून तोंड बंद करायचे. मग मडके उपडे ठेवून भोवती गवत आणि झावळ्या पेटवायच्या. पाणी किंवा तेल अजिबात घालत नाहीत. मडके उघडताना पाल्याचा जो वास येतो, तो घरी कितीही खटाटोप केला तरी येत नाही. तंबूत शेगडीवर काही उकळून खाण्यापेक्षा त्या संध्याकाळी एखाद्या वाडीत पोपटीला बसावे.

रोहा-दिवा

मी या मार्गावर नेहमी ये-जा करतो, त्यामुळे परतीपुरते लिहितो.

मेमू रोह्यालाच सुटते, म्हणून तिथून चढणाऱ्यांना जागा मिळते. नागोठणे आणि पेण येईपर्यंत रविवारी संध्याकाळी डबा भरून जातो. गाडी सुटण्याच्या तासभर आधी स्टेशनवर पोचा, सायकली फलाटावरच घडी करून पिशवीत घाला आणि दाराजवळची जागा न अडवता डब्याच्या टोकाला, भिंतीशी उभ्या लावून पट्ट्याने बांधा. या मार्गावर दिवसभरात गाड्या मोजक्या आहेत. एक चुकली तर दुसरी लगेच नसते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी त्या वेळचे वेळापत्रक पाहून ठेवा. दिव्याला जिना चढून लोकलच्या फलाटावर जावे लागते, तिथे वर सांगितलेली एका फेरीची कसोटी पुन्हा एकदा उपयोगी पडेल.

साळाव ते रोहा हा चणेऱ्यावरचा रस्ता पस्तीस-चाळीस किलोमीटर धरा. खाडीकाठची शेते, लहान वाड्या, मधूनमधून चढ असा तो आहे. दुकाने विरळ आहेत, त्यामुळे साळावलाच माणशी दोन लिटर पाणी भरून घ्या. चणेऱ्याजवळ बिरवाडीचा किल्ला आहे, पण गाडीची वेळ गाठायची असेल तर या खेपेस तो खालूनच पाहावा.

एसटीबद्दल विचारले होते. या रस्त्यांवर एसटीच्या गाड्या आहेत आणि घडी केलेली, पिशवीत घातलेली सायकल मला आजवर एकदाच नाकारली गेली, तीही गाडी आधीच भरलेली असताना. आधी वाहकाला विचारावे, सामानाचे तिकीट मागितले तर विनातक्रार काढावे आणि सायकल शेवटच्या आसनांजवळ, कुणाच्या पायात येणार नाही अशी ठेवावी. वाटेत हात दाखवून गाडी थांबवण्यापेक्षा रेवदंडा, चणेरा अशा थांब्यावर गाडीची वाट पाहिली, तर चढवायला वेळ मिळतो.

डोंबिवलीची वाटसरू

सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि बारकाईने लिहिले याबद्दल मनापासून आभार.

काल रात्री गर्दी ओसरल्यावर मी आणि भाचा सगळे सामान बांधून डोंबिवली स्टेशनवर गेलो आणि जिन्याची कसोटी घेतली. पहिल्या फेरीला मी मधल्या टप्प्यावर थांबले. माझ्याकडे सायकल, मोठी पिशवी आणि गळ्यात तिसरी एक लहान पिशवी होती, आणि ती प्रत्येक पायरीला गुडघ्यावर आपटत होती. घरी येऊन सगळे जमिनीवर मांडले. शेगडी आणि भांडी बाजूला काढली, दोन स्लीपिंग बॅगांऐवजी दोन चादरी घेतल्या, तंबूचे कापड माझ्याकडे आणि खांब व पाणी भाच्याकडे अशी वाटणी केली. आज सकाळी पुन्हा जाऊन आम्ही दोघेही न थांबता वर चढलो. आता माझी पिशवी सात किलोच्या आत आहे आणि भाच्याची सहाच्या जवळ. आमचे टायर ४०६ मापाचे आहेत हेही पाहून घेतले. भाच्याच्या सायकलचा मधला खटका थोडा सैल होता, तो दुकानात नेऊन आवळून घेतला आहे. हे प्रवासाआधी लक्षात आले नसते तर काय झाले असते या विचाराने अजूनही अस्वस्थ वाटते.

काशीद या खेपेस सोडले. भाचा आधी हिरमुसला, पण पोपटीचे वर्णन वाचून दाखवल्यावर चौलला राहायला तयार झाला. शनिवारी सासवणे, किहीमवरून चौल आणि रविवारी कोर्लई पाहून रोहा असे ठरले आहे. पंचांगात पाहिले तर त्या शनिवारी शुक्ल अष्टमी आहे. वाडीकर दादा, तुमच्या हिशोबाने सहाची पाऊणपट करायची की आठाची, यावर आमच्या घरी थोडा वाद झाला, आठाचीच ना?

वाडीकर, चौल

आठाचीच. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे शनिवारी संध्याकाळी सहाच्या आगेमागे भरती. तुम्ही चार वाजता पोचून थेट किनाऱ्यावर गेलात तर पाणी चढत असेल, पण भांगाचे दिवस असल्यामुळे बरीच वाळू मोकळी राहील. रविवारी नवमी, त्यामुळे सकाळची भरती साडेसहा-पावणेसातच्या सुमारास असेल. पूल ओलांडताना खाडी पूर्ण भरलेली दिसेल आणि होड्याही आत-बाहेर करत असतील.

आमच्या शेजारच्या घरी त्या शनिवारी पोपटी लावणार आहेत, तिथे दोन माणसे वाढली म्हणून कुणाची अडचण होणार नाही, मी विचारून ठेवले आहे. मडके साडेसहाला पेटते. भाच्याला आधी बांधावर घेऊन येईन. भांबुर्डा ओळखून तोडण्याचे काम आमच्याकडे मुलांचेच असते.